धर्मगुरूची दीक्षा : जुन्या सेमिनरीतील जीवन व विधी

वसईच्या अथवा गोव्याच्या एखाद्या गावी नवा धर्मगुरू आपली पहिली मिस्सा अर्पण करावयास येतो, तेव्हा गावात केवढा आनंद असतो! कमानी उभारतात, बँड वाजतो, आणि त्याच्या मातापित्यांस भेटावयास सगळा गाव लोटतो. परंतु हा तरुण इतकी वर्षे कोठे होता, तेथे तो काय शिकला, आणि ज्या विधीने तो धर्मगुरू झाला त्या विधीत नेमके काय घडते, असे कोणी विचारले तर पुष्कळांस उत्तर देता येत नाही. ख्रिस्ती मुले विधी पाहतात, पण त्याचा अर्थ त्यांस क्वचितच ठाऊक असतो. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांस तर हा सर्व प्रकार परका वाटावा, हे साहजिकच आहे. यास्तव कॅथलिक ख्रिस्तसभेच्या जुन्या लॅटिन पद्धतीच्या सेमिनरीचे व तेथील दीक्षाविधींचे थोडेसे वर्णन येथे करण्याचे योजिले आहे. ही पद्धत १९७२ पर्यंत लॅटिन परंपरेच्या सर्व देशांत चालू होती. आता ती थोड्याच ठिकाणी उरली आहे. ती कोठे, हे पुढे येईलच.

पालकांनी या वर्णनात एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. ती गोष्ट म्हणजे, उमेदवाराला 'नको' म्हणता यावे म्हणून या सबंध व्यवस्थेत किती ठिकाणी आणि किती काळजीने वाट मोकळी ठेविलेली आहे. आईबापांनी नवस करावा आणि मुलाने तो फेडावा, अशी ही दीक्षा नव्हे.

आरंभीच्या शतकांत मात्र नेहमीच असे नव्हते. इ. स. ३९१ मध्ये आफ्रिकेतील हिप्पो शहरी ऑगस्टीन नावाचा एक विद्वान गृहस्थ काही कामानिमित्त आला होता. तेथील वृद्ध बिशप वालेरियस यांस धर्मगुरूची गरज होती. चर्चमध्ये जमलेल्या लोकांनी ऑगस्टीनला धरले आणि बिशपांसमोर नेऊन उभे केले. तो रडू लागला. परंतु लोकांनी ऐकले नाही, व त्याच ठिकाणी त्याची दीक्षा झाली. पुढे हाच ऑगस्टीन ख्रिस्तसभेचा थोर आचार्य व संत झाला, ही गोष्ट वेगळी. प्रत्येकाच्या बाबतीत परिणाम इतका चांगला होतोच असे नाही. युरोपात पुढे कित्येक घराण्यांत थोरल्या मुलाला जमीन व धाकट्याला चर्च अशी वाटणी होऊ लागली. शिक्षणाची तऱ्हा अशी, की एखाद्या वृद्ध धर्मगुरूच्या हाताखाली राहून पोर जे शिकेल ते शिकेल. त्यामुळे लॅटिन वाचता येते पण कळत नाही, असे धर्मगुरूही निपजत.

या दुःस्थितीवर उपाय ट्रेंट येथील महासभेने केला. १५ जुलै १५६३ रोजी त्या सभेने ठराव केला, की प्रत्येक बिशपाने आपल्या प्रांतात मुलांना धर्मगुरुपदासाठी तयार करणारे विद्यालय चालवावे. 'सेमिनरी' या शब्दाचा मूळ अर्थ रोपे वाढविण्याचा वाफा असा आहे. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत बोलावयाचे तर भाताचे तरवे जेथे टाकतात ती जागा. मुलगा निदान बारा वर्षांचा असावा, त्यास लिहिता-वाचता यावे, आणि विशेषेकरून गरिबांची मुले निवडावी, असे त्या ठरावात सांगितले होते. श्रीमंतांच्या मुलांस मज्जाव नव्हता, पण त्यांनी आपला खर्च आपण सोसावा, असा दंडक होता. चारशे साठ वर्षांपूर्वीचे हे धोरण आमच्या काळातील पुष्कळ शाळाचालकांनी वाचण्याजोगे आहे.

आपल्या बाजूस या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध स्थान म्हणजे गोव्यात साष्टी तालुक्यातील राशोल. जुवारी नदीजवळच्या जुन्या किल्ल्याच्या जागेत येशूसंघीयांनी तेथे विद्यालय बांधावयास १६०६ साली आरंभ केला. मराठी वाचकांना या वास्तूविषयी आदर वाटावा याचे आणखी एक कारण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण', सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो मराठी ग्रंथ, १६१६ साली राशोल येथेच प्रथम छापला गेला. पोर्तुगाल सरकारने १७५९ मध्ये येशूसंघीयांस हाकलून दिल्यावर, १७६२ पासून ते विद्यालय गोव्याच्या आर्चबिशपांची सेमिनरी झाले, आणि आजही तेथे धर्मगुरू तयार होतात. दुसरे स्थान पुण्याचे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली लंकेतील कँडी येथे स्थापिलेली पोपमहाशयांची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास आली. या देशाचे पुत्रच या देशाचे धर्मगुरू व्हावे, हा त्या स्थापनेमागील हेतू होता.

आता सेमिनरीतील दिनक्रम पाहू. आमच्या वसतिगृहातील ज्या मुलांना सकाळची घंटा वैऱ्यासारखी वाटते, त्यांनी हा भाग सावकाश वाचावा. पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास घंटा होते, आणि ती होताच हातातले काम, मग ते अंगावरचे पांघरूण का असेना, टाकून उठावयाचे. जुने गुरुजन घंटेच्या नादाला देवाचा शब्द म्हणत. त्यानंतर प्रार्थनामंदिरात प्रातःप्रार्थना, अर्धा तास मुकाट्याने मनन, मग मिस्सा, आणि या सर्वांनंतर न्याहारी. आदल्या रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेपासून या वेळेपर्यंत कोणी कोणाशी बोलावयाचे नाही. या मुदतीस 'महामौन' असे नाव आहे. दिवसा वर्ग, अभ्यास, थोडे अंगमेहनतीचे काम, दुपारी खेळ, संध्याकाळी जपमाळ. विद्यार्थी घोट्यापर्यंत पोहोचणारा काळा झगा घालतात, आणि तोच झगा खोचून फुटबॉलही खेळतात!

जेवणाचा प्रकार नवख्याला फार चमत्कारिक वाटतो. शंभर तरुण एका दालनात जेवत असतात, पण बोलण्याचा आवाज नसतो. एक विद्यार्थी उंच आसनावरून प्रथम शास्त्रपाठ आणि नंतर एखादे चरित्र अथवा इतिहास मोठ्याने वाचतो, व बाकीचे ऐकत जेवतात. मीठ हवे असल्यास शेजाऱ्याने ते आपण होऊन पुढे करावे, अशी अपेक्षा असते. यात केवळ शिस्त नाही. दुसऱ्याला काय हवे ते त्याने मागण्यापूर्वी ओळखण्याची सवय, जी पुढे रोग्याच्या बिछान्याशी बसताना लागते, ती येथे मिठाच्या भांड्यापासून लावितात.

अभ्यासक्रम लहान नाही. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मसंहितेने निदान दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि निदान चार वर्षे ईश्वरविद्या, असे प्रमाण घालून दिले होते. संत थॉमस अक्वायनस यांच्या पद्धतीने तर्क व तत्त्वज्ञान, त्यापुढे पवित्र शास्त्र, सिद्धांत, नीतिशास्त्र, ख्रिस्तसभेचा इतिहास, धर्मकायदा, उपासनाविधी व गायन हे विषय असत. आणि या सगळ्यांच्या मुळाशी लॅटिन भाषा. शेवटच्या वर्षी विद्यार्थी मिस्सेचा सराव करतात. रोज एक-एक हालचाल, एक-एक शब्द, रिकाम्या वेदीपुढे पुनःपुन्हा घोटावयाचा.

परंतु मला या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती निराळीच. सेमिनरीत रेक्टर असतात, तसेच विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकणारे गुरूही असतात. रेक्टर विद्यार्थ्याची वागणूक पाहतात आणि त्याला दीक्षा द्यावी की न द्यावी याविषयी बिशपांस मत कळवितात. पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूला त्या तरुणाच्या अंतःकरणातील सर्व काही ठाऊक असते. पण कोणाला दीक्षा द्यावी अथवा कोणाला काढून टाकावे असा प्रश्न निघाला, तर त्या गुरूचे मत कधीही विचारू नये, असा १९१७ च्या संहितेतच स्पष्ट नियम होता. याचा अर्थ असा, की विद्यार्थ्याला निदान एक मनुष्य असा मिळतो, ज्याच्यापाशी 'मला हे जमत नाही, मला घरी जावेसे वाटते' असे निर्धास्तपणे म्हणता येते. घराघरांत मुलांना असा एखादा मनुष्य असता, तर किती बरे झाले असते!

घरी जाणारे पुष्कळ असतात. सहा-सात वर्षांचा काळ दिलेला आहे तो त्यासाठीच. दुर्दैवाने आमच्या समाजात सेमिनरीतून परत आलेल्या तरुणाकडे लोक पडलेल्या परीक्षार्थ्याकडे पाहावे तसे पाहतात, आणि त्याची आई काही दिवस तोंड लपविते. ज्या ख्रिस्तसभेने त्याला परत येण्याची वाट इतकी जपून ठेविली, तिच्याच लोकांनी ती वाट काट्यांनी भरावी, हे मला न्यायाचे वाटत नाही.

दीक्षा एकदम मिळत नाही. तिच्या पायऱ्या आहेत. पहिला विधी केशकर्तनाचा. बिशप कात्रीने तरुणाचे केस पाच ठिकाणी, म्हणजे पुढे, मागे, दोन्ही कानांवर व माथ्यावर, थोडेथोडे कापतात. त्या वेळी तरुण जे शब्द म्हणतो त्यांचा भाव असा, की आपल्या वाट्याचे वतन म्हणजे परमेश्वर. मग बिशप त्याला पांढरा सैल अंगरखा चढवितात. आमच्या हिंदू विद्यार्थ्यांस यावरून मुंजीची आठवण होईल. मुंडण आहे, नवे वस्त्र आहे, गुरुगृही वास आहे. साम्य मनोरंजक आहे, पण एक मोठा भेद विसरू नये. मुंज हे बापाचे कर्तव्य असते, आणि आठ वर्षांच्या बटूला कोणी त्याची इच्छा विचारीत नाही; येथे बापाला बोलण्याचा अधिकारच नाही.

त्यानंतर चार लहान पदे येतात : द्वारपाल, वाचक, भूतनिवारक आणि वेदीसेवक. प्रत्येक पद देताना बिशप त्या पदाची वस्तू उमेदवाराच्या हाती स्पर्शास देतात. द्वारपालाला चर्चच्या किल्ल्या मिळतात. नंतर त्याला खरोखरच दाराशी नेतात. तो दार लावतो, पुन्हा उघडतो, घंटा वाजवितो, आणि परत जागेवर येतो. तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथांतून डोके वर काढलेल्या पदवीधराला कुलूप उघडून घंटा वाजवावयास लावणारा हा विधी मला फार आवडतो. वाचकाला शास्त्रपाठांचा ग्रंथ, भूतनिवारकाला त्या प्रार्थनांचे पुस्तक, आणि वेदीसेवकाला न पेटविलेल्या मेणबत्तीचे शामदान व रिकामी झारी. भूतनिवारकाने उठून भुते काढावयास लागावे, असे मात्र नाही. तो अधिकार बिशपांच्या खास परवानगीने धर्मगुरूलाच मिळतो. या चार पदांपर्यंत कोणतेही आमरण बंधन नाही. येथून मागे फिरून संसार करणाऱ्यास ख्रिस्तसभा दोष देत नाही.

बंधन येते ते उपडीकनपदाशी, आणि म्हणूनच त्या विधीचा आरंभ साऱ्या दीक्षाक्रमात अत्यंत गंभीर आहे. १९१७ च्या संहितेप्रमाणे उमेदवाराला एकवीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागत. अगोदर सहा दिवस एकांतवास व मौन. त्याच्या गावच्या चर्चमध्ये, लग्नाच्या चिठ्ठ्या वाचतात त्याप्रमाणे, त्याचे नाव जाहीर करीत आणि कोणास काही अडथळा ठाऊक असल्यास तो कळवावा असे सांगत. १९३० साली रोमहून आणखी एक आज्ञा निघाली. आपण कोणाच्या दडपणाखाली नाही, स्वखुशीने ही दीक्षा मागत आहो आणि तिचे ओझे काय ते समजून मागत आहो, असे उमेदवाराने स्वतःच्या हाताने लिहून शपथेवर द्यावे.

इतके सर्व झाल्यावरही विधीच्या दिवशी पुन्हा विचारतात. उमेदवार शुभ्र झगे घालून, हाती मेणबत्ती घेऊन, वेदीपासून काही अंतरावर ओळीने उभे राहतात. बिशप मस्तकी मुकुट घालून वेदीपुढे बसतात आणि त्यांस उद्देशून बोलतात. त्या भाषणाचा आशय असा : आतापर्यंत तुम्ही मोकळे आहा, वाटल्यास संसारात परत जाऊ शकता. परंतु हे पद एकदा स्वीकारल्यावर मागे फिरता येणार नाही. जन्मभर देवाची सेवा करावी लागेल आणि ब्रह्मचर्य पाळावे लागेल. तेव्हा अजून वेळ आहे तोवर विचार करा. आणि निश्चय कायम असेल तर प्रभूच्या नावाने पुढे या.

मग काही क्षण कोणी बोलत नाही. आणि ओळीतील तरुण एक पाऊल पुढे टाकतात.

विधी म्हणून पाहिले तर एवढेच. ना तेल, ना वस्त्र, ना मंत्र. एक पाऊल, फूट दीड फूट जागा. पण त्या पावलापूर्वी जो विद्यार्थी होता तो लग्न करू शकत होता, वडिलांचे शेत पाहू शकत होता. पावलानंतर तो तसे करू शकत नाही. त्याच दिवसापासून दररोज ठराविक प्रहरी ख्रिस्तसभेच्या प्रार्थना म्हणण्याचे कर्तव्यही त्यावर येते, मग तो घरी असो की आगगाडीत. ज्याचे मन तयार नसेल त्याने हे पाऊल टाकू नये. ओळीत मागे उभे राहणे हे त्या घडीला पाप नव्हे, लाजही नव्हे. विधीच्या ग्रंथाने ती जागा त्याच्यासाठी मुद्दाम राखली आहे.

१९१७ च्या संहितेतील ९७१ वा नियम या पावलाचेच कायद्याच्या भाषेतील रूप आहे. कोणत्याही रीतीने, कोणत्याही कारणाने कोणास दीक्षा घेण्यास भाग पाडणे हा घोर अपराध, असे तो सांगतो. परंतु त्याचे दुसरे अर्धही तितकेच महत्त्वाचे आहे : जो पात्र आहे त्यास परतवून लावणे हाही तसाच अपराध. पहिल्या अर्धाची आठवण ऑगस्टीनच्या कथेने होते, तर दुसऱ्या अर्धासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. गोव्यातील दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळात जन्मलेले मातेउस द कास्त्रो यांस सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली. हे गृहस्थ खचले नाहीत. इराणच्या बाजूने खुष्कीच्या वाटेने त्यांनी रोम गाठले, तेथे अध्ययन केले, धर्मगुरू झाले, आणि १६३७ साली त्यांस बिशप करून आदिलशाही मुलखासाठी पाठविण्यात आले. लॅटिन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप होत. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार तेव्हाही मानला नाही, आणि त्यांना सरहद्दीपलीकडे डिचोली येथे ठाणे करावे लागले. नियम पुस्तकात लिहिला जाण्यापूर्वी कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते. द कास्त्रो यांनी ती मोजली.

डीकनपद उपडीकनपदानंतर येते. त्या विधीत बिशप उजवा हात उमेदवाराच्या मस्तकावर ठेवतात, डाव्या खांद्यावरून पट्टा घालतात, आणि शुभवर्तमानाचा ग्रंथ हाती देतात. हे पद साधारणतः थोड्याच महिन्यांचे असे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

धर्मगुरुपदाच्या दिवशी उमेदवाराचे वय निदान चोवीस पूर्ण. डाव्या हातावर घडी केलेले मिस्सावस्त्र, उजव्या हाती मेणबत्ती, आणि सोबत तागाच्या कापडाची एक पट्टी. बिशप प्रथम विचारतात, हे लोक पात्र आहेत असे तुम्हांस ठाऊक आहे काय? आणि उत्तर येते, की मानवी दुर्बलतेला जेवढे कळू शकते तेवढे कळून पात्र आहेत. किती जपून दिलेले उत्तर! आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांना जी प्रशस्तिपत्रे देतो ती इतकी प्रामाणिक असती तर! नंतर बिशप लोकांकडे वळतात. गलबत हाकणारा आणि गलबतात बसलेले उतारू यांचे सुखदुःख एकच असते, म्हणून ज्यांना पुढे या तांडेलांच्या हाती जावयाचे आहे त्यांचेही मत घेतले पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव असतो. कोणास या तरुणांविरुद्ध काही सांगावयाचे असल्यास त्याने निर्भयपणे पुढे यावे, असे ते म्हणतात आणि थांबतात. मच्छीमारांच्या वस्तीतील एखादी म्हातारीही त्या वेळी उभी राहू शकते. राजाच्या दरबारातही प्रजेला अशी वेळ क्वचितच मिळाली असेल.

पुढे सर्व उमेदवार जमिनीवर पालथे पडतात, कपाळ फरशीला टेकलेले, आणि वर संतांच्या नामावळीची दीर्घ प्रार्थना गाइली जाते. पाहणाऱ्याला शुभ्र वस्त्रांत मृतदेहच ओळीने मांडले आहेत असे वाटते. आणि जुन्या जीवनाला मरणे असाच त्याचा अर्थ सांगतात.

त्यानंतरचा क्षण साऱ्या विधीचा गाभा होय. प्रत्येकजण बिशपांपुढे गुडघे टेकतो. बिशप दोन्ही हात त्याच्या मस्तकावर ठेवतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. कोणी गात नाही. वाद्ये थांबलेली असतात. मग उपस्थित असलेले सर्व धर्मगुरू, म्हातारे-तरुण, एकामागून एक येऊन त्याच मस्तकावर हात ठेवतात. संख्या मोठी असली की ही शांतता फार वेळ टिकते, आणि लहान मुलेसुद्धा त्या वेळी चुळबुळ करीत नाहीत. बिशप नंतर जी प्रार्थना म्हणतात तिने दीक्षा पूर्ण होते.

याविषयी एक जुना वाद होता. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या महासभेने आर्मेनियन लोकांसाठी काढलेल्या पत्रकात, द्राक्षारसाचा प्याला व भाकरीची तबकडी हाती देणे हे धर्मगुरुपदाचे मुख्य अंग मानले होते. तर मग हात ठेवल्याने दीक्षा होते, की प्याला दिल्याने? विद्वानांची मते भिन्न होती. ३० नोव्हेंबर १९४७ रोजी पोप बारावे पायस यांनी निर्णय दिला, की यापुढे हस्तस्थापन व त्यामागून येणारी प्रार्थना हीच दीक्षेस आवश्यक होत. म्हणजे सोन्याचा प्याला नव्हे, तर रिकामे हात.

प्याला मात्र विधीत राहिलाच. त्याआधी तळहातांना तेल लावतात : उजव्या अंगठ्यापासून डाव्या तर्जनीपर्यंत व डाव्या अंगठ्यापासून उजव्या तर्जनीपर्यंत क्रूसाकृती, आणि नंतर साऱ्या तळव्यांना. मग दोन्ही हात जोडून सोबत आणलेल्या पट्टीने बांधतात, आणि त्या बांधलेल्या हातांच्या बोटांनी नवा धर्मगुरू प्याला व तबकडी यांना स्पर्श करतो. नंतर तो बिशपांबरोबरच मिस्सेचे शब्द मोठ्याने म्हणतो. मिस्सेच्या अखेरीस पापक्षमा करण्याच्या अधिकाराची प्रार्थना होते, पाठीवर घडी घालून ठेवलेले मिस्सावस्त्र मोकळे सोडतात, आणि तो आपले जोडलेले हात बिशपांच्या हातांत ठेवून आज्ञाधारकपणाचे वचन देतो. बिशप शेवटी बजावतात, की मिस्सा अर्पण करण्यापूर्वी जाणत्या धर्मगुरूंकडून तिची रीत नीट शिकून घ्या, कारण काम जोखमीचे आहे. सहा वर्षांच्या अभ्यासानंतरही ही सूचना होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

हात बांधलेली ती तेलकट पट्टी पुष्कळ देशांत धर्मगुरू आपल्या आईला देतो. ती आई तिला जपून ठेवते, आणि तिच्या मृत्यूनंतर ती पट्टी तिच्या हातांत देऊन तिला पुरतात. हा केवळ लोकाचार आहे, विधिग्रंथात तो नाही; परंतु दीक्षेच्या निर्णयात जिला मत नव्हते, त्या आईला तिचा वाटा कोठे मिळतो हे यावरून दिसते.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी केशकर्तन, चार लहान पदे व उपडीकनपद यांचा हा क्रम बंद केला. वाचक आणि वेदीसेवक ही दोन सेवापदे उरली, आणि २०२१ पासून ती स्त्रियांनाही मिळू लागली. धर्मगुरुदीक्षेचा विधी त्यापूर्वीच १९६८ मध्ये नव्याने रचला गेला होता. जुना क्रम स्वित्झर्लंडमधील एकोन येथे आर्चबिशप मार्सेल लेफेव्र यांनी १९७० मध्ये स्थापिलेल्या संघाने चालू ठेवला; परंतु १९८८ साली त्यांनी पोपमहाशयांच्या अनुज्ञेवाचून चार बिशपांना अभिषेक केला आणि मोठी फूट पडली. त्यांतून बाहेर पडून रोमशी एकनिष्ठ राहू इच्छिणाऱ्यांनी त्याच वर्षी संत पीटर यांच्या नावाचा धर्मगुरुसंघ स्थापन केला. त्याच्या सेमिनरी जर्मनीत बव्हेरियातील विग्रात्सबाद येथे आणि अमेरिकेत नेब्रास्कातील डेन्टन येथे आहेत. जुन्या विधीवर २०२१ साली निर्बंध आले, तरी ११ फेब्रुवारी २०२२ च्या आज्ञापत्राने पोप फ्रान्सिस यांनी या संघास तो वापरण्याची अनुज्ञा कायम ठेविली. द्वारपालाच्या हाती किल्ल्या देणे आणि उपडीकनाचे ते एक पाऊल आज पाहावयाचे असल्यास अशा ठिकाणी जावे लागते.

आपल्याकडील राशोल, पुणे अथवा गोरेगाव येथील विद्यार्थी नव्या विधीने दीक्षा घेतात. ब्रह्मचर्याचे वचन आता डीकनपदाच्या वेळी देतात. हस्तस्थापनाची शांतता तशीच आहे. पात्रतेचा प्रश्न तसाच विचारतात, आणि लोकांमध्ये चौकशी केल्याचा उल्लेख उत्तरात येतो. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेने जुन्या ९७१ व्या नियमाची दोन्ही अर्धे १०२६ व्या नियमात कायम ठेविली आहेत, आणि आपण स्वेच्छेने व मोकळ्या मनाने दीक्षा घेत आहो असे उमेदवाराने आजही स्वहस्ताक्षरात लिहून, खाली सही करून द्यावे लागते.